सारखे वार चुकतात म्हणून ग्रेट वेपन मास्टर घेऊ का? फायटरच्या फीटबद्दल सविस्तर

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुळे सोलापुरातला एक नवा ग्रुप आहे, चार खेळाडू आणि एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा), दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ खेळतात, पाचव्या एडिशनचं २०१४ चं पुस्तक वापरतात. प्रश्न विचारणारा मित्र फायटर (लढवय्या) आहे, हातात ग्रेटसोर्ड, म्हणजे दोन हातांची मोठी तलवार, स्ट्रेंग्थ १६, बरोबर एक क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी), एक रोग (चोरटा), एक विझार्ड (जादूगार). चौथी लेव्हल आली, आता एकतर स्ट्रेंग्थ दोनने वाढवायची नाहीतर त्याच्या बदल्यात एक फीट, म्हणजे पात्राचं खास कौशल्य, घ्यायचं. नेटवर जिकडं बघावं तिकडं ग्रेट वेपन मास्टर घे म्हणतात. रोग आणि बाकीच्यांनी काय घ्यावं तेही त्यानं विचारलंय. आणि शेवटी त्यानं लिहिलंय, "माझे वार सारखे चुकतात, निदान लागला तर जोरात लागावा म्हणून हे घेतोय, बरोबर आहे का?"

भावा, तुझ्या प्रश्नाची खरी गाठ त्या शेवटच्या ओळीत आहे. तुझी अडचण वार चुकण्याची आहे आणि तू जे फीट घ्यायला निघालायस ते वार अजून चुकवतं. ग्रेट वेपन मास्टरमध्ये तू वार करायच्या आधी ठरवतोस की वार लागतो का ते ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर उणे पाच घ्यायचे आणि लागला तर डॅमेजमध्ये अधिक दहा. म्हणजे ते फीट वाईट आहे असं नाही, लै जबरदस्त आहे, पण ज्याचे वार आधीच बऱ्यापैकी लागतात त्याच्यासाठी. मी सोलापुरात गेली आठ-नऊ वर्षं डीएम म्हणून टेबल चालवतोय आणि नवीन फायटरच्या हातून हीच गडबड होताना मी इतक्यांदा बघितलीय की म्हणलं जरा बसून नीट लिहावं.

घरचा धंदा यंत्रमागाचा आहे म्हणून मला हे लूमवरूनच पटकन समजतं. नवीन माणसाला वाटतं लूमचा स्पीड वाढवला की कापड जास्त निघणार. निघतंय की, पण धागा तेवढा चांगला असला तर. धागा कच्चा असला तर स्पीड वाढवल्यावर तो जास्त तुटतो, तुटला की लूम थांबतो, गाठ मारा, परत चालू करा, आणि संध्याकाळी मोजलं तर आधीपेक्षा कमी कापड. उणे पाच अधिक दहा हे स्पीड वाढवण्यासारखं आहे, आणि तुझा धागा म्हणजे तुझा वार लागण्याचा टक्का.

आता आकडे मांडतो, घाबरू नकोस, दहावीच्या गणितापेक्षा सोपं आहे. तुझी स्ट्रेंग्थ १६ म्हणजे अधिक ३, चौथ्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा सरावाचा बोनस) अधिक २, एकूण वार अधिक ५. ग्रेटसोर्डचे दोन सहा-फासे म्हणजे सरासरी ७, त्यात स्ट्रेंग्थचे ३, एका लागलेल्या वाराला सरासरी १०. (क्रिट, म्हणजे फाशावर २० आला की बसणारा जास्त जोराचा वार, आणि फायटिंग स्टाइल, म्हणजे फायटरची लढायची खास पद्धत, मी मुद्दाम सोडलंय, हिशोब स्वच्छ राहावा म्हणून, त्यानं थोडे आकडे हलतील पण निष्कर्ष बदलत नाही.) समोरच्याचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५ धर. तुला फाशावर १० किंवा जास्त लागतात, म्हणजे ५५ टक्के. शंभर वारांत ५५ लागले, प्रत्येकी १०, म्हणजे दर वाराला सरासरी साडेपाच. आता ग्रेट वेपन मास्टर वापरून बघ. वार अधिक ० झाला, फाशावर १५ लागतात, म्हणजे ३० टक्के, पण लागला तर २०. सरासरी ६. म्हणजे अख्खं फीट खर्चून तुला मिळाला अर्धा पॉइंट. आणि त्याऐवजी नुसती स्ट्रेंग्थ १८ केली असतीस तर? वार अधिक ६, ६० टक्के, डॅमेज ११, सरासरी ६.६. म्हणजे एसी १५ समोर, कुणाची मदत नसताना, साधी स्ट्रेंग्थ वाढवणं त्या फीटपेक्षा पुढं आहे, आणि वर वार जास्त लागतात, म्हणजे टेबलावर बसून हात चोळायची वेळ कमी येते.

एसी १२ चा कमजोर शत्रू असला तर चित्र उलटतं. साध्या वारानं ७, ग्रेट वेपन मास्टरनं ९, स्ट्रेंग्थ १८ नं सव्वाआठ. आणि एसी १८ चा प्लेट, म्हणजे पूर्ण लोखंडी चिलखत, घातलेला सरदार समोर असला तर साधा वार सरासरी ४ देतो आणि उणे पाचवाला ३, म्हणजे तिथं तू स्वतःचंच नुकसान करतोस. तुझ्या आत्ताच्या आकड्यांना बरोबरी होते ती एसी १६ ला, दोन्हीकडून सरासरी ५ च येतात. तेव्हा हे फीट कधीही घेतलंस तरी ही गोष्ट वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव: आत्ताच्या बोनसवर फाशावर ११ पेक्षा कमी लागत असतील तर उणे पाच घे, ११ पेक्षा जास्त लागत असतील तर घेऊ नकोस. माझ्या टेबलावर एकानं हे फीट घेतल्यावर प्रत्येक वार उणे पाचनंच मारायचा नियम स्वतःला लावून घेतला होता, प्लेटवाल्या नाइटसमोर सलग चार राउंड एकही वार लागला नाही, आणि बिचारा चार आठवडे वाट बघून त्या लढाईला आला होता. मला फार वाईट वाटलं त्याचं. तेव्हापासून फीट घेणाऱ्याला मी आधी हा हिशोब मांडून दाखवतो.

मग नेटवर सगळे हेच का सांगतात? त्यांचं चुकत नाही, पण ते ज्या पात्राच्या अंगानं बोलतात ते तुझं पात्र नाही. बार्बेरियनला, म्हणजे रानटी लढवय्याला, दुसऱ्या लेव्हलपासूनच रेकलेस अटॅक मिळतो, म्हणजे मनात येईल तेव्हा अ‍ॅडव्हांटेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. एसी १५ समोर अ‍ॅडव्हांटेज असला की उणे पाचवाला वारसुद्धा ५१ टक्के लागतो, सरासरी १०.२. तोच अ‍ॅडव्हांटेज असताना स्ट्रेंग्थ १८ वाला सव्वानऊच्या आसपास राहतो. म्हणजे फीट खरंच पुढं गेलं. फायटरला हा अ‍ॅडव्हांटेज आपोआप मिळत नाही, कुणीतरी द्यावा लागतो.

म्हणून "कोणतं फीट सगळ्यात भारी" याला एका वाक्यात उत्तर नाही, ते तुझ्या टेबलावर अवलंबून आहे, आणि नेमकं कशावर अवलंबून आहे ते सांगतो. एक, तुमचा डीएम फ्लँकिंगचा पर्यायी नियम वापरतो का? वापरत असेल तर रोग समोरून आणि तू मागून उभा राहिलास की दोघांना अ‍ॅडव्हांटेज, मग ग्रेट वेपन मास्टर आजच घे. दोन, तुझा सबक्लास, म्हणजे फायटरमधला पोटप्रकार, कुठला? बॅटल मास्टर असशील तर प्रिसिजन अटॅकनं फासा टाकून झाल्यावरही वारात एक आठ-फासा मिळवता येतो, चुकलेले बरेच वार ओढून आणता येतात, तिथंही हे फीट चालतं. चॅम्पियन असशील तर ती सोय नाही. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा क्लेरिक लढाईत काय करतो?

ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल, म्हणजे मंत्र, आहे, तिघांच्या वारात आणि सेव्हमध्ये (संकटातून वाचायला टाकायच्या फाशात) एक चार-फासा मिळवतो, म्हणजे सरासरी अडीच. एसी १५ समोर ब्लेस असताना ग्रेट वेपन मास्टर सरासरी साडेआठ देतं आणि स्ट्रेंग्थ १८ जवळपास ८. म्हणजे चुरशीचं होतं आणि फीट थोडं पुढं जातं. पण ब्लेस कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे क्लेरिकचं लक्ष लागलेलं असेल तोवरच, टिकतो, क्लेरिकला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (तब्येतीचा) सेव्ह, डीसी म्हणजे गाठायचा आकडा, १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो, आणि सेव्ह चुकला की तुझा ब्लेस गेला. आमच्या एका मोहिमेत क्लेरिक खेळणाऱ्या ताई दर लढाईत ब्लेस टाकायच्या आणि दुसऱ्या राउंडला तो तुटायचा. चौथ्या लेव्हलला त्यांनी विस्डम वाढवण्याऐवजी वॉर कास्टर हे फीट घेतलं. कॉन्स्टिट्यूशन अधिक २ असताना डीसी १० चा सेव्ह साधारण ६५ टक्के निघतो, वॉर कास्टरच्या अ‍ॅडव्हांटेजनं तो ८७-८८ टक्क्यांवर जातो. त्यांच्या पात्राच्या कागदावर एक पॉइंट डॅमेज वाढलं नाही, पण फायटर आणि रोगचे वार लागायला लागले, लढाया एक-दोन राउंड लवकर संपायला लागल्या. तू तुझ्या क्लेरिकशी बोल की जरा. लढाईचं फीट नेहमी तलवारवाल्याच्याच कागदावर असतं असं नाही, आणि चौघांनी बसून एकत्र ठरवलं तर एकट्यानं नेटवर शोधून ठरवण्यापेक्षा कितीतरी चांगलं निघतं. कॉन्सन्ट्रेशनसाठी दुसरा पर्याय रेझिलियंट, कॉन्स्टिट्यूशनमध्ये एक वाढ आणि सेव्हची प्रोफिशियन्सी. चौथ्या लेव्हलला वॉर कास्टर पुढं असतं, पण प्रोफिशियन्सी लेव्हलबरोबर वाढत जाते म्हणून लांब मोहिमेत रेझिलियंट मागून येऊन गाठतं, आणि विष वगैरेचे सेव्हही सुधारतात. कॉन्स्टिट्यूशन विषम असेल, १३ किंवा १५, तर मी सरळ रेझिलियंट सुचवतो.

आता तुझ्याकडं परत येतो. मी नवीन खेळाडूला फीट सांगायच्या आधी एक काम देतो, तेच तुलाही देतो. पुढच्या दोन-तीन लढायांत वहीत प्रत्येक राउंडला तीन रकाने कर, मुख्य कृती, जोडीची छोटी कृती आणि दुसऱ्याच्या पाळीत द्यायचं प्रत्युत्तर, म्हणजे अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन, आणि तू काय केलंस ते एका शब्दात लिही. बहुतेक ग्रेटसोर्डवाल्या फायटरची वही अशी दिसते: अ‍ॅक्शनमध्ये वार, वार, वार, बोनस अ‍ॅक्शनमध्ये एकदा सेकंड विंड (स्वतःच्या जखमा भरणं) आणि मग सगळं कोरं, रिअ‍ॅक्शन तर जवळपास पूर्ण कोरीच. तो कोरा रकाना म्हणजे रोज फुकट जाणारी मजुरी आहे. जे फीट कोरा रकाना भरतं ते बहुतेक वेळा आधीच भरलेला रकाना थोडा जड करणाऱ्या फीटपेक्षा जास्त देतं. आठ-नऊ वर्षांत मला फीट निवडायची याहून कामाची पद्धत सापडलेली नाही.

आणि या हिशोबानं बघितलं तर तुझ्यासारख्या फायटरला चौथ्या लेव्हलला सगळ्यात जास्त फायदा पोलआर्म मास्टरचा होतो. ग्लेव्ह किंवा हॅल्बर्ड, म्हणजे लांब दांड्याला पातं लावलेलं हत्यार, हातात घेतलास की अ‍ॅक्शनमध्ये वार केल्यावर बोनस अ‍ॅक्शनमध्ये दांड्याच्या टोकानं आणखी एक वार, चार-फासा अधिक स्ट्रेंग्थ. हिशोब बघ, एसी १५, ग्लेव्हचा दहा-फासा म्हणजे साडेपाच अधिक ३, साडेआठ. दांड्याचा अडीच अधिक ३, साडेपाच. दोन्ही ५५ टक्के लागतात, एकूण सरासरी ७.७. वर स्ट्रेंग्थ १८ नं ६.६ आले होते, ग्रेट वेपन मास्टरनं ६. म्हणजे कुणाचीही मदत न घेता, उणे काही न करता, एका राउंडला तू एक पॉइंटानं पुढं. शिवाय दोन वार म्हणजे एक चुकला तरी दुसऱ्याची आशा, तुझी मूळ तक्रार "सारखं चुकतंय" ती याच्यानं खरी कमी होते. वर रिअ‍ॅक्शनचा रकानाही भरतो, कारण शत्रू तुझ्या पोचेत शिरला की लगेच अपॉर्च्युनिटी अटॅक (संधी साधून मारलेला जादा वार), आणि ग्लेव्हची पोच दहा फूट.

पण इथंही अटी आहेत. तुझ्या डीएमनं तुला आधीच एखादी जादूची ग्रेटसोर्ड दिली असेल तर ती टाकून ग्लेव्ह घेण्यात अर्थ नाही, जादूची ग्लेव्ह मिळेल का ते त्याला विचार, चांगला डीएम ऐकतो. आणि तुझ्या डोळ्यासमोर तुझं पात्र पाठीवर मोठी तलवार लावलेला माणूस असंच असेल, ती तलवार त्याच्या बापाची असेल, गोष्ट तिच्यावर उभी असेल, तर एका पॉइंटासाठी ती सोडू नकोस. मी हे मनापासून सांगतोय. एका राउंडचा एक पॉइंट दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही, बापाची तलवार सगळ्या टेबलाच्या लक्षात राहते.

पोलआर्म मास्टर घेतलंस तर त्याच्या जोडीला पुढं सेंटिनल येतं. सेंटिनलमध्ये तुझा अपॉर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूचा वेग त्या टर्नपुरता शून्य. दोन्ही एकत्र असले की शत्रू तुझ्यापासून दहा फुटांवर आला, तू वार केलास, लागला, आणि तो तिथंच थांबला, त्याच्या हातात छोटं हत्यार असेल तर तो तुझ्यापर्यंत पोचतच नाही. हे किती चालतं ते जागेवर ठरतं. आम्ही ग्रुपनं एकदा नळदुर्गचा किल्ला बघायला गेलो होतो, सोलापूरहून हैदराबाद रोडनं पन्नासेक किलोमीटर, पाणी महाल वगैरे बघून सगळे दमले होते पण मी दरवाजे आणि वळणं बघत बसलो होतो. घरी येऊन जॅकार्डच्या, म्हणजे लूमवर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनचा ग्राफ पेपर घेतला, आमच्याकडं त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात आणि चौकटी आयत्या मिळतात, एक चौकट पाच फूट, आणि त्यावर तसला अरुंद, वळणाचा दरवाजा काढला. पुढच्या रविवारी ग्लेव्ह आणि सेंटिनलवाल्या फायटरनं त्या दरवाजात उभं राहून ओग्र या राक्षसाला तीन राउंड आत येऊ दिलं नाही, मागं विझार्ड आणि जखमी क्लेरिक होते. त्या दिवशी टेबलावर जो गलका झाला तो अजून कानात आहे. पण दुसऱ्याच आठवड्यात मोकळ्या माळावर आठ गॉब्लिन आले, रिअ‍ॅक्शन राउंडला एकच, एक थांबला आणि सात बाजूनं निघून गेले. तेव्हा तुमचा डीएम ग्रिडवर खेळतो का नुसतं तोंडी वर्णन करून, दारं-बोळ जास्त असतात का माळरान, हे बघून सेंटिनल घे. नुसत्या तोंडी वर्णनात खेळत असाल तर दहा फूट आणि पाच फूट यातला फरक दर वेळी डीएमला विचारावा लागतो आणि त्या फीटचा निम्मा जीव तिथंच जातो.

रोग आणि बाकीच्यांबद्दलही विचारलंयस म्हणून पटकन सांगतो. धनुष्यवाला फायटर असता तर मी डोळे झाकून शार्पशूटर म्हणालो असतो, कारण आर्चरी फायटिंग स्टाइल वारात अधिक २ देते आणि त्यामुळं उणे पाचचा घाव बराच भरून निघतो. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ आणि लाँगबो धरून एसी १५ समोर साध्या वारानं पाचच्या जरा खाली, शार्पशूटरनं ७. शिवाय लांबच्या रेंजचा डिसअ‍ॅडव्हांटेज जातो, अर्ध्या किंवा पाऊण आडोशाचा शत्रूला मिळणारा फायदाही तो मोजत नाही. बघ, कागदावर तेच उणे पाच अधिक दहा, पण दुसऱ्या हातात गेलं की वेगळं फीट होतं. रोगला मात्र शार्पशूटरची घाई नको, त्याचा स्नीक अटॅक, म्हणजे जादा डॅमेजचा वार, टर्नला एकदाच लागतो, तो चुकला की सगळंच गेलं, म्हणून त्याच्यासाठी उणे पाच महाग. त्यानं डेक्स्टेरिटी वाढवावी किंवा मोबाइल नावाचं फीट घ्यावं, वार करून मागं पळायला बरं. विझार्डला अलर्ट फार कामाचं, इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या फाशात, अधिक ५, शत्रू विखुरायच्या आधी त्याचा मोठा स्पेल पडतो.

आणि जे टाळायचं तेही सांगतो, कारण तुझ्यासारख्या ग्रेटसोर्डवाल्याला सॅव्हेज अटॅकर हे नाव बघून मोह होतो. टर्नला एकदा डॅमेजचे फासे परत टाकायचे आणि चांगला आकडा ठेवायचा. ऐकायला गोड आहे. पण दोन सहा-फाशांवर त्यानं सरासरी ७ चे जवळपास ८.४ होतात, म्हणजे सव्वा ते दीड पॉइंट, तोही वार लागला तर, टर्नला एकदाच. २०१४ च्या पुस्तकात त्यासाठी अख्खी स्ट्रेंग्थची वाढ सोडायची, परवडत नाही. टफ मात्र मी वाईट म्हणणार नाही, लेव्हलला दोन हिट पॉइंट (पात्राचा जीव), चौथ्या लेव्हलला ८, पण तुमच्याकडं क्लेरिक आहे, तुला त्याची एवढी गरज नाही.

२०२४ मध्ये नवीन प्लेयर्स हँडबुक आलंय, त्याबद्दल दोन शब्द, कारण नेटवरचा निम्मा गोंधळ दोन पुस्तकं मिसळल्यामुळं आहे. तिथं ग्रेट वेपन मास्टरमधलं उणे पाच अधिक दहा काढून टाकलंय, त्याऐवजी जड हत्याराच्या वाराला प्रोफिशियन्सी एवढं जास्त डॅमेज मिळतं, आणि फीटबरोबर स्ट्रेंग्थमध्ये एक वाढही मिळते. चौथ्या लेव्हलपासूनच्या बऱ्याच फीट्सना अशी एक वाढ जोडलीय. म्हणजे तिथं स्ट्रेंग्थ १७ पासून सुरू केलीस तर फीट घेऊनही १८ होते आणि तुझा हा पेचच उरत नाही. सॅव्हेज अटॅकर, टफ, अलर्ट ही तिथं पहिल्याच लेव्हलला बॅकग्राउंडबरोबर मिळणाऱ्या फीट्समध्ये गेलीत. तेव्हा एखादा व्हिडिओ बघताना आधी तो कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतोय ते बघ, आणि तुमच्या डीएमला न विचारता दोन्ही पुस्तकांतलं मिसळू नकोस.

अजून एक गोष्ट जी बरेच नवीन फायटर विसरतात. तुला पुढची संधी आठव्या लेव्हलला नाही, सहाव्यालाच आहे. बाकीच्या बहुतेक क्लासना ४, ८, १२, १६, १९ अशी मिळते, फायटरला त्यात ६ आणि १४ जादा, एकूण सात. म्हणजे हे कायमचं लग्न नाही, दोन लेव्हलनं परत निवड आहे. हे किंवा ते असं धरून बसू नकोस, आधी हे आणि मग ते असा विचार कर. आणि क्रम खरंच महत्त्वाचा आहे. सहाव्या लेव्हलला तुझी स्ट्रेंग्थ १८, प्रोफिशियन्सी अधिक ३, वार अधिक ७ झाला की एसी १५ समोर साधा वार सरासरी ७.१५ देतो आणि ग्रेट वेपन मास्टर ८.४. आज जे फीट अर्धा पॉइंट देतंय तेच तेव्हा दर वाराला सव्वा पॉइंट देईल, आणि तेव्हा पाचव्या लेव्हलच्या एक्स्ट्रा अटॅकमुळं वारही दोन झालेले असतील. शत्रू शून्यावर आला किंवा क्रिट बसला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये मिळणारा जादा वार वेगळाच. धागा पक्का झाल्यावर स्पीड वाढव.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं असं. ग्रेटसोर्ड सोडायची नसेल आणि फ्लँकिंग नसेल, ब्लेसची खात्री नसेल, तर आता स्ट्रेंग्थ १८ कर आणि सहाव्याला ग्रेट वेपन मास्टर घे. हत्यार बदलायला मन तयार असेल तर आता पोलआर्म मास्टर, सहाव्याला स्ट्रेंग्थ, आठव्याला डीएमचे नकाशे बघून सेंटिनल किंवा ग्रेट वेपन मास्टर. ग्लेव्हही जड हत्यार आहे म्हणून ते तिथंही चालतं. आणि फ्लँकिंग चालू असेल किंवा क्लेरिक दर लढाईत ब्लेस टिकवून धरत असेल तर नेटवरच्यांचं ऐक, आजच ग्रेट वेपन मास्टर घे, फक्त ११ चा नियम पाळ.

घेतलेलं फीट नाहीच जमलं तर डीएमला सांग. माझ्या टेबलावर मी नवीन खेळाडूला पुढची लेव्हल येईपर्यंत एकदा बदलू देतो, पुस्तकात असो नसो, कारण तीन महिने पश्चात्ताप करत खेळणारा माणूस मला टेबलावर नको असतो, आनंदानं खेळणारा हवा असतो. तुमचा डीएमही बहुतेक ऐकेल.

मला तीन गोष्टी कळव, मग अजून नेमकं सांगतो: तुझा सबक्लास, तुमच्याकडं फ्लँकिंग आहे का, आणि तीन रकान्यांची वही एका रविवारची भरून तिचा फोटो. आणि जमलं तर रविवारी दुपारी आमच्याकडं ये की, हॉलमध्ये जमिनीवर जाड चादर अंथरून बसतो आम्ही, तिच्यावर फासा टाकला की लांब पळत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपही मोडत नाही. ग्लेव्हवाला फायटर अजून खेळतोय, त्याच्या बाजूला बसून दोन लढाया बघ आणि मग ठरव.